वाटून टाकलेली मजुरी

इजिप्तच्या दुम्यातमध्ये जुनं घर पाडायचं असलं की लोक मुअल्लिम गुनैमला, या कामातल्या उस्तादाला, बोलावतात. तो भिंतींकडे नंतर बघतो. आधी दारं-खिडक्या बोटांनी ठोकून बघतो. सुतारांचं गाव, मुरलेलं लाकूड इथे हातोहात खपतं. लाकूड चांगलं असलं, तर गुनैम घर फुकट पाडून देतो. निघेल ते सामान, म्हणजे 'अनकाद', त्याचं.

विधवा उम्म रिफअतशी त्याचं असंच ठरलं होतं. तिच्या घराची मागची भिंत शेजारच्या अंगणावर झुकली होती. रोख पैसे देऊन ते पाडून घेण्याची तिची ऐपत नव्हती.

ठरल्या सकाळी गुनैम गडी घेऊन आला आणि उंबऱ्यातच थबकला. दार नव्हतं. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. जिन्याचा कठडाही गायब.

"चोरी झाली की काय?"

"छे! मीच दिलं सगळं. घर तुमच्या हाती रिकामं, स्वच्छ द्यावं म्हटलं. दार भाचीला दिलं, तिचं लग्न आहे. खिडक्या मशिदीला. कालच बसवल्या त्यांनी."

"अहो, सामान नाही, माझी मजुरी वाटलीत तुम्ही!"

गडी हसले. उम्म रिफअतचा चेहरा उतरला. "मला वाटलं, अनकाद म्हणजे पाडल्यावर उरतं ते. विटा, माती."

"माती कोण घेतो?"

"थांबा, परत मागून आणते."

"मशिदीच्या खिडक्या उपटणार? मग या गल्लीत मला कोण उभं करेल?"

निघून जाणं सोपं होतं. गुनैमने झुकलेल्या भिंतीकडे पाहिलं, मग तो वर चढला आणि छताच्या तुळयांत चाकू खुपसून बघितला. टोक आत जाईना. खाली येऊन तो म्हणाला, "तुळया चांगल्या आहेत. पण तेवढ्यावर गड्यांचं भागत नाही. घर पडलं की ही जागा मोकळी. माझं बाकीच्या घरांचं लाकूड इथे फुकट राहू दे."

"किती दिवस?"

"चांगला भाव येईपर्यंत."

"म्हणजे मी मरेपर्यंत! मोठ्या ईदपर्यंत ठेवा. आणि कुंपण तुम्ही घालायचं."

"नवऱ्याशीही असंच बोलायचात?"

"तो बोलू कुठे देत होता? साठलंय सगळं."

गुनैमने छातीवर हात ठेवून मान डोलावली आणि गड्यांकडे वळला. "घण राहू द्या. तुळया अख्ख्या हव्यात, एकेक हातानं उतरवा. आणि शेजाऱ्यांना सांगून या, भिंत उतरेपर्यंत अंगणात कोणी फिरकू नका."