रिसीव्हरसाहेबांना दाखवायचा घरखर्च

माणसाचं दिवाळं निघालं की घरातली भांडी कमी होतात आणि किस्से वाढतात. मला रोजनिशी लिहायची सवय, म्हणून ते वाया गेले नाहीत एवढंच. त्या दिवसांत मात्र मला एकाही गोष्टीचं हसू आलं नव्हतं. हसले ते मित्र, आणि तेही पुढे पुष्कळ वर्षांनी.

झालं होतं असं. लोणावळ्याहून कार्ल्याला उतारू न्यायचा धंदा करू म्हणून मी आणि माझ्या मेव्हण्यानं एक जुनी मोटार भागीत घेतली. मोटार उतारावर उत्तम चालायची! मेव्हणा एकदा मुंबईला स्पेअर पार्ट आणायला गेला, तो अजून आणतोच आहे. कर्जाच्या कागदांवर सह्या सगळ्या माझ्या. शेवटी मी वडगावच्या कोर्टात नादारीचा अर्ज दिला.

कोर्टानं माझ्या जमाखर्चावर देखरेख करायला एक रिसीव्हर नेमला. तरुण वकील, जाड चष्मा, कानावर पेन्सिल. ते म्हणाले, "कोळशाच्या वखारीत तुम्हाला कारकुनीचा पगार किती मिळतो ते मला कळलं आहे. आता घरखर्च लिहून आणा, बाबवार. वाजवी असेल तेवढा पगार तुमच्याकडे ठेवू. उरेल तो घेणेकऱ्यांचा."

'वाजवी' हा शब्द घेऊन मी घरी आलो आणि त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. कारण सुमन. माझी मुलगी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होती. तिची फी वाजवी की गैरवाजवी, हे आता ती पेन्सिल ठरवणार होती. माझ्या आईनं तर सांगूनच टाकलं होतं, "शाळा सुटली तर घरात बसवायची नाही. तळेगावचं स्थळ तयार आहे."

सुमन त्या दिवसापासून दिवा लागायच्या आत अभ्यास उरकायला लागली. रॉकेल हीसुद्धा एक बाब आहे, हे तिनं ऐकलं होतं.

*

पहिल्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. 'धान्य' असं लिहिलं.

आई म्हणाली, "आंबेमोहोर लिही."

"आई, आपण आंबेमोहोर शेवटचा कधी खाल्ला?"

"खाल्ला नाही म्हणून लिहायचाही नाही? परक्याच्या हातात कागद जाणार. तो म्हणेल, ह्यांच्या घरी नाचणी खातात!"

"पण आई, आपलं दिवाळं निघालंय."

"तुझं निघालंय. माझं नाही!"

मी नाचणी लिहिली. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. मग एके दिवशी माझ्यासमोरच सुमनला म्हणाली, "तुझ्या बापाला विचार, निदान नाचणी चांगल्यातली लिहिलीय का."

*

बायकोची अडचण वेगळी. कागद महिन्याचा, आणि घर काही महिन्याच्या मापानं चालत नाही. लुगडी वर्षाला दोन, छत्री दोन वर्षांनी एक. मी सगळ्याला बारानं भागत बसलो.

"तुझ्या वाट्याला महिन्याला तीन हात लुगडं येतं," मी म्हणालो.

तिनं मनाशी मोजलं. "अहो, मग पहिले सहा महिने मी बाहेर पडायचं की नाही?"

आई पदराआड हसली. हसली म्हणजे राग गेला, असं वाटून मी विचारलं, "आई, तुझं काही राहिलंय का लिहायचं?"

"माझ्या शेवटच्या खर्चाचं लिहिलंस?"

मी सरळमार्गी माणूस. लिहिलं! रिसीव्हरसाहेबांनी कच्चा कागद तपासताना त्यावर बोट ठेवलं. "हा खर्च साधारण केव्हा येईल?"

घरी येऊन मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुम्हाला सोईचा महिना कळवा."

*

त्याच तपासणीत कोळशाचं निघालं.

"कोळसा दोनदा का लिहिला आहे?"

"एक स्वयंपाकाचा, साहेब. दुसरा कपडे वाळवायचा."

"कपडे उन्हात वाळवतात!"

"लोणावळ्यात पावसाळ्यात ऊन मिळत नाही, साहेब. शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे."

"आणि कोळशाच्या वखारीत नोकरी असून कोळसा विकत?"

"वखार मालकाची आहे, साहेब. मला फुकट मिळतं ते फक्त काळं होणं."

दुसरा कोळसा त्यांनी काटला. मग सुमनच्या फीभोवती पेन्सिलीनं एक वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "ह्याचं सुनावणीच्या वेळी बघू."

ते वर्तुळ डोळ्यांपुढून हलेना. वखारीत वजनाच्या चिठ्ठ्या लिहितानाही शून्य काढलं की तेच दिसे.

पुढच्या वेळी मी गेलो तो भर पावसातला दिवस होता. दुसरा कोळसा काटलेला, तेव्हा आम्ही तो जाळला नव्हता. मी हुकूम पाळणारा माणूस. कोट तसाच ओला घातला आणि रिसीव्हरसाहेबांच्या समोर बसलो. थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं.

"हा वास कसला?"

"कोटाचा, साहेब. तो जो दुसरा कोळसा होता ना..."

त्यांनी एका हातानं खिडकी उघडली आणि दुसऱ्या हातानं कोळसा पुन्हा लिहिला.

*

माझे सगळ्यांत मोठे घेणेकरी म्हणजे कार्ल्याचे धोंडिबाआबा. भातशेती करणारा साधा माणूस. बैलजोडीसाठी साठवलेले पैसे त्यांनी माझ्या मोटारीत घातले होते. त्यांना वाचता येत नसे. त्यामुळे त्यांचा कुठलाही कागद वर्षानुवर्षं आमच्याच घरी वाचला जायचा. आताही ते लोणावळ्याच्या बाजाराला आले की आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नसत. पैशांचं कधी काढत नसत, आणि त्यामुळेच माझा जीव टांगलेला राही.

एके दिवशी ते आले आणि बंडीतून कागद काढला.

"सुमे, वाच गं. लय मोठा शिक्का हाय. कुनी मेलं का काय?"

सुमन वाचू लागली. "'लोणावळा येथील रहिवासी यांनी नादारीचा अर्ज केला असून...'" आणि थांबली.

"का गं थांबलीस?"

"पुढं बाबांचं नाव आहे."

"मंग वाच की! बापाचं नाव येत न्हाई व्हय वाचाया?"

तिनं सबंध कागद वाचला. मी दारात उभा होतो. आत येववेना, बाहेर जाववेना. आबांनी बशीतला चहा संपवला.

"म्हंजी आता म्या काय करायचं?"

"घरखर्चातल्या कुठल्या बाबीला हरकत असेल, तर ती लिहून द्यायची," सुमन म्हणाली.

"आन् लिवायची कुनी?"

मग सुमननंच दौत पुढे ओढली.

आबांनी आधी सोबत जोडलेला घरखर्चाचा कागद वाचून घेतला. नाचणीला मान हलवली, दोन्ही कोळशांना हलवली. 'पाहुण्यांचा चहा' आला तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. ही चैन हाय! दिवाळं निघालेल्या मानसाकडं पाव्हनं कशापायी? लिव, ह्या बाबीला आमची सक्त हरकत हाय."

सुमननं 'सक्त'खाली रेघ मारली.

आतून आईचा आवाज आला, "पाहुणा कोण ते विचार की गं त्यांना! आता दुसरं कोण फिरकतंय आपल्याकडं?"

"वैनी, हिशोब येगळा आन् चहा येगळा," आबा बशी पुढे करत म्हणाले. "ह्यात वाईच साखर टाका."

शेवटी सुमनच्या फीची बाब आली. तीही तिनंच वाचून दाखवली, सगळ्या बाबी वाचल्या त्याच आवाजात.

आबा म्हणाले, "हं." मग कागद बंडीत खोचून निघून गेले.

'हं' म्हणजे काय? सुनावणीची तारीख येईपर्यंत मी घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "अहो, बसा. चप्पल झिजतेय, ती बाब तुम्ही लिहिलेली नाही."

*

सुनावणीला बाकीचे घेणेकरी आलेच नाहीत. बाकावर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी. रिसीव्हरसाहेबांनी आबांची हरकत वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"अक्षर सुरेख आहे. मुद्दाही नीट मांडलाय. वकील कोण तुमचे?"

"वकील न्हाई. ह्याची पोर."

साहेबांनी चष्मा काढला. "ह्यांची? म्हणजे बापाच्याच विरुद्ध लिहिलं तिनं?"

"मंग? मी सांगत व्हतो, ती लिवत व्हती. एक अक्षर खाल्लं न्हाई पोरीनं."

"हरकत मान्य," साहेब म्हणाले आणि पाहुण्यांचा चहा काटला. मग पेन्सिल वर सरकली आणि त्या वर्तुळापाशी येऊन थांबली. "आता ही शाळेची फी. मुलीचं इंग्रजी शिक्षण काही गरज म्हणता येणार नाही. ही काटली तर तुमचे पैसे लवकर फिटतील. बोला, काटू?"

मी बाकाची कड घट्ट धरली. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

आबांनी मुंडासं काढलं आणि गुडघ्यावर ठेवलं.

"काटा की. माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पर शाळा सुटली की ही मंडळी पोरीला तळेगावला द्यायला बसल्यात. मंग माझा कागुद आला तर वाचायचा कुनी? हितला अर्जनवीस आठ आनं घेतो, आन् वर चहा बी पाजत न्हाई!"

रिसीव्हरसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग हातातल्या सुरेख अक्षराकडे. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले,

"रबर आहे का कुणाकडे?"