मशीनच्या तोंडाची विभूती

लातूर हे जिल्ह्याचं गाव झालं, पण पावसाला त्याची खबर नव्हती. नळ कोरडे, आणि कचेऱ्या मात्र रोज नव्या. कचेरी आली की टेबल-खुर्च्या आल्याच. नव्या सभागृहाचं मोठं सागवानी टेबल करायचं काम आमच्या सुतारकारखान्याला मिळालं. त्या टेबलावर पहिली बैठक पाणीटंचाईचीच होणार होती.

टेबलाच्या कडांना गोलाई काढायचं काम माझं. हैदराबादहून आणलेलं, फिरत्या पात्यानं लाकडाची कड कोरणारं राऊटर मशीन आमच्या घरात माझ्याच हातात सरळ चालायचं. फुशारकी वाटली तर वाटू दे, खरं आहे ते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, करवत आणि रंध्यात उस्ताद, पण मशीन धरलं की त्यांची रेघ बैल मुतल्यासारखी जायची.

सुनेनं मशीन चालवावं हे सासूबाईंना पसंत नव्हतं. तरी आम्ही लिंगायत माणसं. रोज सकाळी लिंगपूजा उरकली की त्या कारखान्यात येत आणि पातं बसतं त्या तोंडालाच तीन बोटांनी विभूती लावत. उरलेली चिमूट आत झटकत.

टेबलाची पहिलीच कड चालली होती. अर्ध्यावर पातं आपोआप खाली सरकलं आणि गोलाईचा खड्डा झाला. दारातून सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या मनगटात जोर कुठला? पात्याचा नट ढिला ठिवलास. आता आनिक एक कड बिघडली तर मशीनला हात लावायचा न्हाई."

माझ्या अंगाची लाही झाली. मालकांनी पान्याला पाइप लावून सगळा जीव घालून नट आवळला. टाकाऊ फळीवर चालवून बघितलं, तर पातं पुन्हा सरकलं.

"आता बोला अत्याबाई, ह्यांच्याबी मनगटात जोर न्हाई का?" मी म्हटलं. मालक खाली बघून मिशीत हसले.

मी नट उघडला. पात्याचा दांडा धरून ठेवते ती चिरा पाडलेली पोलादी नळी, कॉलेट, बाहेर काढली. चिरांमध्ये विभूती आणि भुसा गच्च बसला होता. त्या राखेनं घासून घासून नळी आतून झिजली होती, तोंडाशी फाकली होती. दांड्यावर काळी कडी उमटली होती. अशा नळीला किती आवळलं तरी ती धरणार कशी?

बोलायला तोंडात पुष्कळ होतं. पण मी ती नळी सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी आत बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि घरात गेल्या. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा चूल. खरंच भीती वाटली. चुलीची नाही, ते मशीन सुटायची.

त्या परत आल्या त्या मुठीत काहीतरी घेऊन. मशीनच्या पेटीत दोन कॉलेट आल्या होत्या. नवी वस्तू आधी देवापुढं, म्हणून एक त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली होती आणि ती तिथंच राहिली होती.

"देवाला काय, फूलबी चालतंय," त्या म्हणाल्या. "ही कामाला लाव."

मी मशीनचं तोंड रॉकेलनं पुसलं, नवी नळी बसवली, नवं पातं घातलं आणि साध्या पान्यानं आवळलं, पाइप न लावता. खड्डा पडलेली कड मालकांनी कापून काढली. टेबल बोटभर अरुंद झालं, कुणाच्या बापाला कळलं नाही. मग मी चारी कडा काढल्या. पातं केसभरही हललं नाही. त्या गोलाईवरून तळवा फिरवताना मला माझाच इतका अभिमान वाटला, की पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना बोलावून ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई विभूती घेऊन कारखान्यात आल्या. मी घाईनं मशीनच्या तोंडावर हात ठेवला.

"ठिव तसाच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मनगटावर तीन बोटं ओढली.