चिंचेखालचा शेंदरी धोंडा

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. गावातल्या चिंचा कशा वाचल्या हा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो. कोणी फारच मागे लागलं तर "देवानं वाचवल्या" एवढं म्हणून मोकळा व्हायचो. आता त्या चिंचांना तारेचं कुंपण आहे, वनखात्याचा फलक आहे. खरं सांगितल्याने त्यांचं काही बिघडणार नाही.

आमचं गाव लासुर्ण्याजवळ. एसटीच्या थांब्यामागे गावतळं आणि तळ्याच्या काठाला चार जुन्या चिंचा. पावसाळा सरत आला की त्यांवर करकोचे घरटी करतात. चित्रबलाक हे त्यांचं नाव आम्हाला पुण्याहून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांनी शिकवलं. पिवळी चोच, शेपटाकडे गुलाबी झाक, पक्षी मोठा देखणा. पण पिल्लं झाली की झाडाखाली उभं राहायची सोय नसते. वरून काय काय पडतं, आणि कधी चोचीतून निसटलेला मासाही डोक्यावर येतो. भर थंडीत थांब्यावर माणसं छत्र्या उघडून उभी असतात. आमच्या गावात मुलगी देताना भांड्यांबरोबर छत्रीही द्यावी लागते, अशी लासुर्ण्याची माणसं चेष्टा करायची.

त्या चिंचांखाली माझ्या मित्राची अंडाभुर्जीची गाडी होती. सगळे त्याला भाई म्हणत. एकदा त्याच्या तापल्या तव्यात वरून मासा पडला. गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, मी आमलेट सांगितलं हुतं." भाई म्हणाला, "मासा पाखरांकडनं हाय. खावा निवांत." घरट्यातून पिल्लू पडलं की हाच शिडी लावून ते वर ठेवायचा आणि आईच्या चोचीचे टोले खाऊन हसत उतरायचा.

मग तळं बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचं ठरलं. चिंचा पाडायच्या होत्या. निम्मं गाव खूश होतं, कारण वास जाणार होता. भाईने गाडीवर येणाऱ्या एकेकाला धरलं. "गाळं कुठंबी हुतील. पण ही पाखरं शेजारच्या गावात गेली तर तिथली माणसं चिडवून चिडवून आपल्याला जगू देतील का?" हे मात्र सगळ्यांना पटलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आम्ही इंदापूरला तहसील कचेरीवर गेलो. भाईच्या सांगण्यावरून प्रत्येकाने आपली पांढऱ्या डागांची छत्री आणली होती. कडक उन्हात आवारभर छत्र्या उघडल्यावर साहेब बाहेर आले. "पाऊस कुठंय?" त्यांनी विचारलं. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडं पडतंय साहेब. पर ते पाणी नसतंय." साहेबांना हसू आवरेना. त्यांनी निवेदन घेतलं आणि बघतो म्हणाले.

ते बघायच्या आतच ठेकेदाराची माणसं उद्या झाडं पाडायला येणार, असा निरोप आला. संध्याकाळी भाई मला म्हणाला, "आबा, बुडाशी एखादा धोंडा शेंदूर फासून ठिवा. बघू कोण कुऱ्हाड लावतंय."

"देवाची चेष्टा व्हायची, भाई."

"चेष्टा कसली? पाखरं त्याचीच हायेत."

मी कालव्याच्या कडेचा एक गोल धोंडा आणला. शेंदूर माझ्या घरचा, कालवायला तेल भाईच्या बाटलीतलं. थांब्यावर तेव्हा कोणीच नव्हतं.

सकाळी माणसं आली. मुकादमाने धोंडा पाहिला आणि चपला काढल्या. "हितं देव हाय हे कुणी सांगितलं न्हाय," तो म्हणाला.

"इचारलं कुठं तुमी?" भाई म्हणाला आणि सगळ्यांना भुर्जी खायला बसवलं. खाऊन ती माणसं गेली. पाठोपाठ इंदापुरातून काम थांबवायचा हुकूम आला. आम्ही दोघं कितीतरी दिवस एकमेकांकडे बघून हसत होतो.

पण धोंड्यापुढे उदबत्ती लागली, मग नारळ फुटला, घंटा आली. सिमेंटचा ओटा झाला, वर पत्रा चढला. देव स्वयंभू आहे असं लोक सांगू लागले. एक दिवस गावातली तरणी पोरं मला ओट्यापाशी घेऊन गेली. बोलणं अगदी अदबीचं. "आबा, देवाम्होरं अंडी तळत्यात, हे काय बरं दिसत न्हाय. भाई म्हणत्यात गाडी आधीची हाय. तुमी वडीलधारं, तुमीच सांगा. देव कवापासनं हाय हितं?"

भाई शेजारीच तवा घासत होता. त्याने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

खरं सांगितलं असतं तर गाळ्यांचा विषय पुन्हा निघाला असता आणि चिंचा गेल्या असत्या. मी स्वतःला तेच समजावलं. शिवाय ज्या धोंड्याला गाव हात जोडतं तो मी आणून ठेवला, हे चारचौघांत बोलायचा धीर मला झाला नाही.

"माझ्या लहानपणापासनं असंल," मी म्हणालो.

भाईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग पोरांना म्हणाला, "मग देवच आधी. गाडीला काय, चाकं हायेत."

तो आता बारामतीच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी लावतो. मी मुद्दाम ठरवून तिकडे गेलो आहे, एकदा नव्हे, तीन-चारदा. पाळी सुटलेली असते, मोटारसायकलींची गर्दी असते, आणि मला पाहिलं की तो सगळी गिऱ्हाइकं सोडून स्टूल पुसतो. पहिला प्रश्न ठरलेला.

"आली का पाखरं?"

"आली. औंदा जास्तच हायेत."

"आन पिल्लू पडलं तर वर कोण ठिवतं?"

"ठिवतंय कुणीतरी," मी म्हणतो. खरं तर कोणी ठेवत नाही.

गेल्या खेपेला गर्दी ओसरेपर्यंत मी बसून राहिलो. त्याने माझ्यापुढे ताटली ठेवली आणि मी पाव तोडता तोडता म्हणालो, "भाई, त्या दिवशी ओट्यापाशी मी..."

तो हातातलं उलथनं तसंच धरून थांबला. "काय आबा? तिखट जास्त झालं का?"

"न्हाय," मी म्हणालो. "बराबर हाय."