म्हातारीचं कुलूप

किल्लीबाई घराबाहेर निघाल्या की आधी गॅस, मग खिडक्या, मग दार. कुलूप लावून दोन पायऱ्या उतरायच्या आणि परत वर यायच्या. कुलूप तीनदा ओढायच्या. मग तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा दारावर तळहात ठेवायच्या आणि तेव्हा कुठे त्यांचं पाऊल निघायचं. रुग्णालयाच्या औषधांच्या कोठारात त्यांची नोकरी, किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला. म्हणून सगळे त्यांना किल्लीबाईच म्हणत.

थोरली लेक जिन्याखाली उभी राहून चिडवायची. "आई, चोर यायच्या आधी तूच तोडशील ते कुलूप."

"तुटलं तर नवं आणू. उघडं राहिलं तर काय करशील?"

या लेकीचं काम चारचौघांत सांगताना किल्लीबाईंची पंचाईत व्हायची. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती आणि गेममधल्या पात्रांना चालायला शिकवायची. कोण कसं वळतं, कसं बसतं, दमल्यावर खांदे कसे पाडतं, ते सगळं हिच्याकडे.

"चालायला शिकवायचा पगार देतात?"

"देतात की. तू मला फुकटात शिकवलंस. तुझा व्यवहारच कच्चा."

शेवटी शेवटी ती अंतराळातल्या लढाईच्या एका गेमच्या दुसऱ्या भागावर काम करत होती. पहिला भाग खूप गाजला होता. त्यात नायकाच्या जोडीला एक यंत्रबाई होती, लोखंडाची पण हरणासारखी चपळ. दुसऱ्या भागात ती म्हातारी झालेली दाखवायची होती. "तिला चालवू कशी, तेच सुचत नाहीये," लेक जेवता जेवता म्हणाली होती. "गुडघ्यांना जप म्हणावं," असं म्हणून किल्लीबाईंनी तिच्या पानात भात वाढला होता.

गेम बाजारात यायच्या आधीच लेक गेली. किल्लीबाईंनी जन्मभर दारं-खिडक्या राखल्या, आणि दुखणं आलं ते रक्तातून. त्यानंतर त्या कुलूप नुसतं अडकवायच्या आणि चालू लागायच्या. परत वर जाणं बंद. छापखान्यात काम करणारा धाकटा लेक काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून वर जायचा आणि कुलूप ओढून बघायचा.

गेम आला तेव्हा त्याने तो घरी आणला. "ताईचं काम आहे. बघतेस?"

किल्लीबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. पडद्यावर एक ओसाड अंतराळस्थानक होतं. नायकाच्या हातात अशी बंदूक, की चाप ओढला की जमिनीचं छत व्हावं आणि छताची जमीन. भिंतींतून लोखंडी भुंगे सुटत होते. धाकटा कधी वर उभा राहून तर कधी खाली लटकून त्यांना टिपत होता. दिवा मात्र म्हातारीच्या हातात, आणि दारंही तिच्याच हाताने उघडायची. तिला मागे टाकून पळायची सोय नव्हती.

पहिली खोली संपली. नायक बाहेर पडला, मागून म्हातारी आली, दार मिटलं. दोन पावलं चालून म्हातारी थबकली. वळली. दाराशी परत जाऊन तिने कुलूप ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग पत्र्याचा तळहात दारावर ठेवला.

धाकट्याच्या हातातला कंट्रोलर मांडीवर पडला. तोवर भुंग्यांनी नायकाचा फडशा पाडला, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"परत लाव," किल्लीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वर आल्या. धाकटा खाली स्कूटर सुरू ठेवून उभा राहिला. हॉर्न वाजवला नाही.

लोकांना मात्र गेम रुचला नव्हता. "काय लिहितायत?" किल्लीबाईंनी विचारलं.

"राहू दे ना."

"वाच. मला काय नवं आहे?"

धाकट्याने फोनवर बघत वाचलं. पहिला भाग वारा होता, दुसऱ्यात आम्हाला म्हातारी सांभाळायला ठेवलंय. बंदूक झकास, चित्रं सुंदर, पण पाठीशी मरण लागलेलं असताना ही बया कुलूप ओढत बसते. कोणीतरी हिला वृद्धाश्रमात पोचवा.

किल्लीबाई चक्क हसल्या. "खोटं काय त्यात? ताई तुझी हेच म्हणायची." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. खाली एकाने एवढंच लिहिलं होतं, की माझी आई असंच करायची, त्या दाराशी मी गेम थांबवून बसून राहिलो. ते त्यांनी परत वाचायला लावलं.

मग एका संध्याकाळी लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. "काकू, म्हातारीचं ते मागे वळणं काढून टाकतायत. पुढच्या अपडेटमध्ये जाईल. मी खूप भांडले."

"त्यांना सांगितलंस, ते कोणाचं आहे?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, आईला कळलं तर ती लाजेल, आणि मग कुलूप ओढायचं सोडून देईल. तुमच्या मशीनवर अपडेट घेऊ नका, काकू. म्हणजे तुमच्यापुरतं राहील."

धाकट्याने आईला बजावलं. "मशीनने अपडेट विचारलं, की 'नंतर' दाबायचं. काही झालं तरी 'नंतर'." तिला वाचता यावं म्हणून पडद्यावरची भाषाही त्याने मराठी करून दिली.

सुट्टीच्या दुपारी घर आवरलं, की किल्लीबाई कंट्रोलर हातात घ्यायच्या. चालायचं कसं, बंदूक झाडायची कशी, गोल बटण दाबून समोरची वस्तू ओढायची कशी, एवढं त्यांना जमलं होतं. पण चाप ओढला की खालचं वर होऊन त्यांना गरगरायचं. पहिल्या दारापुढे त्या कधी गेल्याच नाहीत. म्हातारीने कुलूप ओढलं, की बंदूक खाली करून भुंग्यांची वाट बघायच्या. नायक मेला की गेम पुन्हा पहिल्या खोलीत आणून सोडायचा. धाकटा म्हणायचा, "आई, मरण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही."

अशाच एका दुपारी गेम लावताना पडद्यावर पाटी आली: 'सुरक्षिततेसाठी आवश्यक सुधारणा. आता करायची?' खाली 'हो' आणि 'नंतर'.

ज्या बाईने सुरक्षितता म्हणून कधी काही नंतरवर टाकलं नाही, तिने 'हो' दाबलं. अपडेट हा शब्द त्या पाटीत कुठेच नव्हता.

नायक बाहेर पडला. म्हातारी बाहेर पडली. दार मिटलं. म्हातारी दिवा धरून तुरुतुरु पुढे निघून गेली.

किल्लीबाईंनी नायकाला मारलं, परत आणलं. पुन्हा मारलं. म्हातारी वळली नाही.

धाकटा घरी आला तेव्हा त्या पडद्यासमोरच होत्या. "मीच दाबलं रे," त्या म्हणाल्या. "सुरक्षितता लिहिलं होतं."

बाहेर जाऊन त्याने ताईच्या मैत्रिणीला फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि आत येऊन आईशेजारी बसला. "आता जुनं परत मिळत नाही, आई."

किल्लीबाईंनी मान हलवली. मग कंट्रोलर उचलून त्यांनी गेम पुन्हा लावला. खोली संपली, दार मिटलं, म्हातारी पुढे गेली. त्यांनी मात्र नायकाला थांबवलं. दोन पावलांवरून मागे वळवलं, दाराशी नेऊन उभं केलं आणि गोल बटण दाबलं. नायकाने कुलूप ओढलं.

पुढे अंधारात दिवा थांबला. नायकाला टाकून म्हातारीलाही पुढे जाता येत नव्हतं. भिंतींतून सरसर आवाज येऊ लागला.

"आई, भुंगे आले," धाकटा हळूच म्हणाला.

"येऊ देत," किल्लीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्यांदा कुलूप ओढलं.