मुशीच्या पोटातली नाळ

थळच्या किनाऱ्यावर मचवे अजून शिडावर चालत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी आठेक वर्षांची असेन. भावाला शाळेत घातलं होतं, मला नाही. त्याचं मला काही वाटत नसे. मला माशांची पोटं बघायची असत. आय मासे कापायला बसली की फेकलेली आतडी, काळजं मी उचलून आणी आणि कुठली नळी कुठे जाते ते काडीने उलगडून पाही. मुशी म्हणजे शार्क; तिचं काळीज बाहेर काढल्यावरही उडत राहतं. ते तळहातावर घेऊन मी बसून राही. आय ओल्या हातानेच पाठीत रट्टे घाली.

एकदा मेलंय असं समजून मी पाकट, म्हणजे तो पसरट चपटा मासा, कापायला घेतलं. त्याची शेपटी फिरली आणि तिच्यावरचा करवतीसारखा काटा माझ्या पोटरीत घुसला. दोघा खलाशांनी मला वाळूत दाबून धरलं. बापाने काटा उपटला, त्याबरोबर मांसही आलं. चालू लागले त्या दिवशी त्याने मला दोराने फोडून काढलं.

"परत कोयता धरलास तर हात तोरीन," तो म्हणाला.

मी लपूनछपून धरलाच. एका मुशीच्या पोटात मला मेलेली पिल्लं सापडली. जेवताना मी ते सांगितलं.

"मासली अंडी घालते. मी उभा जन्म दर्यात काढला, न तू मना शिकवतंस?" म्हणत बापाने कानाखाली मारली. दोन दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती.

त्यानंतर जाळ्यात एक मोठी मुशी आली. किनाऱ्यावर ओढताना तिने एका खलाशाच्या दंडाचा लचका तोडला. सगळ्यांनी सोटे घेऊन तिचं डोकं चेचलं. माणसं त्या खलाशाभोवती गोळा झाली तेवढ्यात मी कोयता उचलला आणि बापासमोर तिचं पोट फाडलं. हातभर लांबीची पिल्लं जिवंतच बाहेर घसरली. रक्तात वळवळत ती आ वासून हवेला चावत होती. बाप क्षणभर बघत राहिला, मग सोट्याने त्याने एकेकाला मारलं.

मी एक उचलून त्याच्यापुढे धरलं. पिल्लाच्या छातीखालून एक दोरी मुशीच्या पोटात गेली होती.

"ही नाल हाय," मी म्हणाले.

बापाने ती रक्ताळ बोटांत धरून ओढून पाहिली. मग खाली बसला.

"मानसावानी?" त्याने विचारलं.

"व्हय."

पुढे मोठी मुशी लागली की तो किनाऱ्यावरूनच मला हाक मारी आणि मी पोट उघडेपर्यंत कुणाला हात लावू देत नसे. मी दाखवी, तो उकिडवा बसून विचारत राही. मारणं मात्र थांबलं नाही. भात करपला तरी खुंटीवरचा दोर खाली येई.