आत्याचे बारा स्वर

इंग्रजीचे बारा स्वर आत्याने मला आरशासमोर बसवून शिकवले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आपल्याला इंग्रजी येतं अशी माझी पक्की समजूत होती. विद्यानगरच्या तिच्या घरातल्या आरशाने ती दहा मिनिटांत उतरवली. "आत्ता जीभ कुठे आहे?" आत्या विचारायची. जन्मापासून तोंडात बाळगलेली वस्तू नेमकी कुठे आहे हे मला सांगता येईना, याचा मला चांगलाच राग आला होता.

व्यंजनांचं सोपं असतं, ओठ मिटतात किंवा जीभ दातांना लागते, कुठे काय झालं ते कळतं. स्वरात जीभ कशालाच टेकत नाही. तोंडाच्या अंधारात ती अधांतरी वर-खाली, पुढे-मागे सरकते, ओठ गोल होतात किंवा फाकतात, आणि तेवढ्यावर 'शीप'चं 'शिप' होतं. अंतर किती, तर तांदळाच्या दाण्याएवढं. आत्या कागदावर एक तिरपा चौकोन काढायची. डावीकडे ओठ, उजवीकडे घसा, वर टाळू आणि मध्ये बारा ठिपके, एकेका स्वराचा एकेक. आज मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लोकांचं बोलणं ऐकून ध्वनिलिपीत, म्हणजे उच्चारांच्या खुणांत, उतरवतो, यंत्राला ऐकायला शिकवायचं म्हणून. या विद्येवर माझं पोट भरतं, तरी त्या चौकोनाकडे बघून पहिल्या दिवशी वाटलेलं आश्चर्य काही ओसरलेलं नाही.

तिची श्रुतलेखनाची पद्धत मात्र छळाची होती. ओठ दिसू नयेत म्हणून ती पाठमोरी बसायची आणि मुद्दाम अर्थ नसलेले शब्द म्हणायची. अर्थ कळला की कान काम सोडून बसतो, असं तिचं म्हणणं. "समोरच्याला काय म्हणायचंय ते नक्को लिहू. ऐकू आलं ते लिही."

गेल्या वर्षी तिच्या जिभेच्या डाव्या कडेला गाठ निघाली. डॉक्टरांनी जिभेचा जवळजवळ तिसरा हिस्सा काढला. जिवावरचं टळलं, पण आत्या गप्प झाली. लग्न तिने केलं नव्हतं. निवृत्तीनंतर घरी पाच-सहा मुलींना ध्वनिशास्त्र शिकवायची, तोच तिचा दिवस असायचा. आता वर्ग बंद होता आणि फोन वाजला तरी ती हात लावत नव्हती. बेगम बाजारातल्या एका मसालेवाल्याची मुलगी, तिची सगळ्यात चिकाटीची विद्यार्थिनी, दर आठवड्याला मलाच फोन करून विचारायची, "भैया, म्याडम क्लास कब लेते?" मी काहीतरी थातूरमातूर सांगायचो.

ऑपरेशननंतर आत्याचा पहिला स्वच्छ आवाज निघाला तो 'अ'. जिभेकडे काहीच न मागणारा, तोंडाच्या ऐन मध्यावरचा स्वर. इंग्रजीत त्याच्याइतक्या वेळा दुसरा कुठलाच स्वर येत नाही, आणि ध्वनिलिपीत त्याची खूण आहे उलटा केलेला e. सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट सगळ्यात कमी कष्टाची असावी, ही सोय कुणी करून ठेवली असेल, याचा मी त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून बराच वेळ विचार करत होतो.

स्पीच थेरपिस्टकडे अडीच महिने झाल्यावर ती पुन्हा बोलू लागली, घरच्यांना कळेल असं. मग एका रविवारी तिने मला बोलावलं. "माझी परीक्षा घे," ती म्हणाली. "बाराच्या बारा बरोबर उतरले तर क्लास सुरू. नाही तर त्या पोरींना दुसरी म्याडम बघायला सांग." आणि खुर्ची वळवून पाठ करून बसली.

तिने बारा निरर्थक शब्द म्हटले. मी बारा खुणा लिहिल्या. बाराच्या बारा बरोबर. मी कागद तिच्यापुढे धरला आणि अभिनंदन करायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. इतकी वर्षं ती नेहमी 'शीप'च्या स्वराने सुरुवात करायची आणि मग 'शिप'चा यायचा. आज तिने ते दोन मुद्दाम उलटे म्हटले होते. मी कागदावर जुनाच क्रम उतरवला होता.

"तू ऐकलंच नाहीस," ती म्हणाली. "मला पास करून टाकलंस."

मला शरमही वाटली आणि रागही आला. "तुझा क्लास बंदच राहू नये म्हणून," मी म्हणालो.

"मग शिकवलं कायकू तुला एवढं?" तिने पुन्हा पाठ केली. "परत."

या वेळी मी डोळे मिटून घेतले. पहिल्याच शब्दाला कळलं की तिची जीभ टाळूकडे पूर्वीइतकी चढत नाही, निम्म्यातून खाली आणि थोडी मागे घसरते. पण ओठ तिने असे ताणले होते की ते ताणणं पाठीमागून ऐकू येत होतं. लांबी जिथे लांब हवी तिथे लांब होती. मग दुसरा स्वर आला, तोही जरा खाली. तिसराही. आणि मला एकदम काय चाललंय ते कळलं. ओठांकडच्या स्वरांची रांगच्या रांग खाली उतरली होती, पण कुठलाही स्वर दुसऱ्याला धडकत नव्हता. लहान झालेल्या घरात सगळ्यांनी सरकून एकमेकांना जागा करून द्यावी, तसं तिच्या तोंडात झालं होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ऐकू आलं तेच मी लिहिलं. जीभ 'खाली' असल्याचं दाखवणारी, इंग्रजी T सारखी बारीक खूण अक्षराखाली, 'मागे' दाखवणारी आडवी रेघ. सात स्वर स्वच्छ, पाच खुणांसकट.

तिने कागद घेतला, वाचला, आणि पेन मागून नवा चौकोन काढला. त्यात एकेक ठिपका ठेवत गेली. पाच ठिपके जुन्या जागेवर नव्हते.

"पाच चुकले," मी म्हणालो.

"चुकले नाहीत," ती म्हणाली. "हलले. फोन लाव त्या पोरीला."

मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला, मीच बोलणार होतो. आत्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"कल चार बजे आना," ती म्हणाली. "सबको बोल."

पलीकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग मुलीने हळूच विचारलं, "कौन?"

"मैंच," आत्या म्हणाली. "तेरी म्याडम."