दुसरं दार कुठंय?

कुठंही गेल्या तरी बाई लगेच बसायच्या नाहीत. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "दुसरं दार कुठंय?"

पिरंगुटच्या मिसळीच्या हॉटेलातही त्यांनी हेच विचारलं. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "का वो मॅडम, बिल बुडवून पळायचंय का काय?" बाई हसल्या. पण मोरीच्या बाजूला दुसरं दार आहे आणि ते उघडतं, हे स्वतः उघडून पाहिल्यावरच मिसळीकडे वळल्या. तोवर माझी अर्धी संपली होती.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवणारी, कुलूप लावल्यावर चारदा ओढून बघणारी. बाईंचा संशय मात्र पगारी होता. उरवड्याच्या एका कारखान्यात मी तेव्हा कामगारांची नेमणूक-बिमणूक बघायचो. आम्ही पत्र्याचे रंगीत कंदील बनवायचो आणि ते परदेशातल्या दुकानांत जायचे. आपला कंदील कुणाच्या जिवावर उठून तर आलेला नाही ना, हे तिथल्या गिऱ्हाइकाला कळायला हवं होतं. ते बघायला त्या दुकानांनी नेमलेल्या बाई पुण्याहून यायच्या. तोंडावर मॅडम, पाठीमागे बाई. फाटकावरून "बाई आल्यात!" अशी हाळी आली की शेडमध्ये एकच धांदल उडायची. कुणी हातमोजे चढवायचा, कुणी वाटेतली खोकी ढकलायचा, कुणी उगाच झाडू घेऊन उभा राहायचा.

आम्हालाही त्यांचा कमी संशय नव्हता. चहा घेत नाहीत, म्हणजे काहीतरी मोठं हवं असणार, असं मालकांचं मत. मालकांनी त्यांना एकदा कंदिलांची जोडी भेट दिली. बाईंनी एक कंदील हातात घेऊन उलटा केला आणि परत टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "याची कडी सैल आहे. कुणाच्या तरी पायावर पडेल." मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी मालकांनी सगळ्यांना जाड तळव्याचे नवे बूट वाटले. कुणी विचारलं तर सहा महिने झाले म्हणायचं, हेही पढवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि शेडमध्ये नुसत्या उभ्या राहिल्या. माणसं तापल्या फरशीवरून चालावीत तशी चालत होती. बाईंनी बिहारकडच्या एका वेल्डरला हाक मारली.

"जूता कब मिला?"

"छह महीना हुआ, मैडम."

"और पाँव का छाला?"

"कल शाम को."

बाई त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बैठो, जूता उतारो." आणि मग माझ्याकडे असं काही पाहिलं, की मलाही बूट चावू लागले.

पण बूट ही किरकोळ गोष्ट. खरी गोष्ट मागच्या दाराची. आमच्या पॅकिंग विभागात वीसेक बायका काम करायच्या, उरवड्याच्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या. त्यांच्या आणि पुढच्या दाराच्या मध्ये रंगखातं होतं. तिथं रंगाची आणि थिनरची पिंपं असत. एक ठिणगी पडली असती, तर त्या बायकांना मागचं दार सोडून वाट नव्हती. आणि ते दार मालकांनी कुलूप घालून बंद ठेवलं होतं. कंदिलांना पितळेच्या कड्या लागायच्या. बायका त्या मागच्या दारानं पळवतील, हा मालकांचा संशय. एका संशयापायी दार बंद आणि दुसऱ्या संशयापायी बाई दारात, असा तो मामला होता.

त्याच तपासणीच्या सकाळी कुलूप काढलं. दारावर लाल रंगात 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलं. अक्षरं अजून ओली होती. बाईंनी दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि अडलं. पलीकडून "बँ" असा आवाज आला. बाईंनी खांदा लावला. बाहेर आठ-दहा शेळ्या दाराला टेकून रवंथ करत बसल्या होत्या. त्या नाइलाजानं उठल्या. त्यांच्या मागोमाग घोंगडीवरून एक म्हातारी उठली.

"अगं बया! ह्ये दार हाय व्हय? मला वाटलं भिंतच हाय!"

ही ठकूबाई. शेडमागच्या माळावर तिची शेरडं चरायची. दुपारी दाराशी गार सावली पडायची, म्हणून ती तिथं बसायची.

"आजी, कधीपासून बसता इथं?" बाईंनी विचारलं.

"कारखाना झाला तवाधरनं. का? बसायचं न्हाई?"

"तुमचं कुणी आत आहे?"

"सून हाय की. हिरा. खोकी भरती."

बाई तिथंच उकिडव्या बसल्या. ठकूबाईला त्यांनी आत थिनर कुठं आहे, हिरा कुठं बसते, आग लागली तर काय होईल, हे मातीत बोटानं रेघा ओढून दाखवलं. म्हातारीनं रेघांकडे पाहिलं, मग मालकांकडे पाहिलं. "आन् तुमी कुलूप घालताय व्हय वो?" असं तिनं विचारलं.

बाईंनी दार रोज उघडं राहील तरच माल जाईल असं कळवलं. मालक चरफडले, पण माल अडल्यावर करतात काय? कुलूप गेलं. बायका जेवायला मागच्या दारानं बाहेर करंजाखाली बसू लागल्या. दार सारखं उघडू-मिटू लागल्यावर शेळ्यांनीही ती जागा सोडली.

त्यानंतर बाई न कळवता यायच्या, आणि फाटकातून नव्हे. आधी शेडला वळसा घालून मागं जायच्या आणि शेळ्या कुठं बसल्यात ते बघायच्या. मी एकदा दुखावून म्हणालो, "मॅडम, आमच्या शब्दावर विश्वास नाही का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "शेळ्या मला बघून जागा बदलत नाहीत."

ठकूबाई कुरकुरायची, "ह्या बाईपायी माझी शेरडं उन्हात बसत्यात." पण कुरकुरत तीन दगडांच्या चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा ठेवायची. आणि आमच्याकडे पाणीसुद्धा न पिणाऱ्या बाई तो जर्मनच्या पेल्यातून फुंकून फुंकून प्यायच्या. खरं सांगतो, मला हेवा वाटायचा.

एकदा त्यांना बस गाठून देताना मी धीर करून विचारलं, "मॅडम, पूर्वी कुठं काही घडलं होतं का? आग वगैरे? म्हणून दाराचं एवढं…"

"काही घडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "घडल्यावरच विचारायचं असतं का?"

पुढं मालकांनी परदेशात तक्रार केली, की बाई फार संशयी आहेत, कामात अडथळा होतो. त्यांच्या जागी एक गोड बोलणारा तरुण आला. तो चहा घ्यायचा, वर बिस्किटंही. बाई यायच्या थांबल्या. थोड्या दिवसांनी मीही ती नोकरी सोडून मारुंजीजवळच्या एका कंपनीत लागलो. तिथं पहिल्याच दिवशी मी जिन्यांची दारं ढकलून पाहिली आणि शिपाई माझ्याकडे संशयानं बघू लागला.

एकदा सहज बाईंना फोन केला, तर त्यांच्या भावानं उचलला. म्हणाला, "ताई गेली हो. पावसाळ्यात. झोपेतच." मी म्हणालो, "नक्की?" असलं कुणी विचारतं का? पण ऐकलेलं एकदम खरं धरायचं नाही, ही सवय बाईंचीच. फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आलं.

पुढच्या उन्हाळ्यात पौडला निघालो होतो. उरवड्याच्या वळणावर गाडी आपोआप आत वळली. फाटकाकडे न जाता मी शेडच्या मागं गेलो. दाराला टेकून शेळ्या बसल्या होत्या. निवांत, रवंथ करत.

ठकूबाई आता वाकली होती. तिनं मला ओळखलं.

"कधीपासून बसतात इथं?" मी विचारलं.

"लई दिस झालं. मालकाचं पितळ गेलं म्हनं. पुना कुलूप घातलंय."

"आणि हिरा?"

"आतच हाय की." मग ती म्हणाली, "बाई न्हाई का आल्या?"

मी सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

मी पुढं फाटकावर गेलो. वॉचमन नवा होता. "कोन पायजे?"

"आत फोन लावा," मी म्हणालो. "म्हणावं, बाई आल्यात. मागच्या दाराशी उभ्या आहेत."

त्यानं माझ्यामागं गाडीकडे पाहिलं, मग फोन लावला. मी पुन्हा मागं आलो. आतून धावपळ ऐकू आली. खोकी सरकली. कुणीतरी ओरडलं, "आरं, किल्ली कुटंय? बाई आल्यात!" तो आमचा जुना सुपरवायझर होता, आवाज मी ओळखला. कुलूप खडखडलं. दार वीतभर उघडलं, अडलं, पुन्हा ढकललं गेलं. शेळ्या कुरकुरत उठल्या.

फटीतून हिराचं तोंड बाहेर आलं. केसांना रंगाचा भुरका लागलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं, करंजाखाली पाहिलं.

"कुटं हायेत बाई?"

ठकूबाईनं काठीनं शेळ्या दूर हाकलल्या.

"हायेत हितंच," ती म्हणाली. "तू दार उघडं ठिव."